नवी इमारत, मागच्या दाराने

खानदेशातील एका शिक्षणसंकुलात रसायन अभियांत्रिकी विभागाची नवी इमारत बांधून तयार झाली आहे. औपचारिक उद्घाटन अजून व्हायचे असल्यामुळे संस्थेचे नाव येथे लिहीत नाही. आसपासच्या तेलगिरण्यांत, पाइपांच्या कारखान्यांत आणि अन्नप्रक्रिया उद्योगांत काम करणाऱ्या आम्हा काही जणांना विभागप्रमुखांनी मे महिन्याच्या सुरुवातीला ती पाहायला बोलावले होते, आणि पाहून झाल्यावर जे खटकेल ते स्पष्ट सांगा, अशी विनंतीही केली होती. माझी नोकरी बहुतांशी सरकीच्या तेलाच्या शुद्धीकरणात गेली असल्याने इमारतीकडे पाहण्याची माझी नजर थोडी एकांगी आहे, हे वाचकांनी गृहीत धरावे.

पाहुण्यांना फिरवण्याचा जो मार्ग ठरला होता, तो दर्शनी भागातून सुरू होत होता. मोठे प्रवेशद्वार, ग्रॅनाइटचा जिना, दोनशे माणसे बसतील असे सभागृह आणि पडद्यांनी सज्ज वर्गखोल्या असा तो क्रम होता. मी विभागप्रमुखांना म्हटले, "सर, हरकत नसेल तर आपण मागून सुरुवात करू या. बॉयलर कुठे आहे?" ते हसले आणि म्हणाले, "चला. मागचं दार अजून कुणी मागितलं नव्हतं." या विषयाच्या इमारतीत वाफ, पाणी, हवा आणि वीज कुठून येतात, कशा फिरतात आणि कुठे बाहेर पडतात, हे एकदा समजले की बाकीच्या खोल्यांचा अर्थ आपोआप लागतो, असे माझे मत आहे. साहित्याच्या किंवा गणिताच्या विभागाला चार भिंती आणि छप्पर पुरते. रसायन अभियांत्रिकीच्या विभागाची इमारत मात्र स्वतःच एक छोटा कारखाना असावी लागते.

बॉयलरसाठी मुख्य इमारतीपासून अंतर सोडून स्वतंत्र शेड बांधली आहे, हे योग्यच झाले. बॉयलर लहान आणि डिझेलवर चालणारा आहे. कपाशीच्या पऱ्हाटीपासून केलेल्या ब्रिकेटवर चालणारा घेतला असता तर खर्चही कमी झाला असता आणि विद्यार्थ्यांना आपल्याच शिवारातल्या इंधनाची राख, ओल आणि उष्मांक यांचा हिशेब करायला मिळाला असता; पण ब्रिकेट साठवायला कोरडी जागा लागते आणि भट्टीवर सतत माणूस लागतो, हे विभागप्रमुखांचे उत्तरही खोटे नाही. बॉयलर म्हटले की दरवर्षीची सरकारी तपासणी आणि परवानाधारक अटेंडंट आलाच. ते पद मंजूर झाले आहे का, हा माझा पहिला प्रश्न होता आणि सुदैवाने त्याचे उत्तर होकारार्थी मिळाले.

शेडमधून निघालेली वाफेची नळी इमारतीत शिरते तिथपासून आम्ही तिचा माग काढत गेलो. नळ्यांचे रंग भारतीय मानकाप्रमाणे दिले आहेत: पाण्याला सागरी हिरवा, दाबाखालच्या हवेला आकाशी, वायूंना पिवळा, तेलाला फिकट तपकिरी आणि वाफेला चंदेरी राखाडी. कारखान्यात पहिल्या दिवशी आलेला मुलगा या रंगांवरूनच कशाला हात लावायचा नाही ते शिकतो, आणि तेच येथे पहिल्या वर्षापासून डोळ्यांसमोर राहणार आहे. नळ्या छताच्या मागे लपवलेल्या नाहीत. वास्तुविशारदाने सुरुवातीला सगळीकडे खोटे छत सुचवले होते आणि विभागाने ते हट्टाने काढायला लावले, असे कळले. या हट्टाबद्दल विभागाचे मनापासून अभिनंदन करावेसे वाटते.

वाफेच्या मुख्य नळीला वाहण्याच्या दिशेने उतार दिला आहे का, हे मी वाकून, एक डोळा मिटून पाहिले. शंभर फुटांना साधारण एक फूट एवढा उतार असावा लागतो, कारण नळीत थंड होऊन साचलेले पाणी वेळेवर निघाले नाही तर मागून येणारी वाफ ते पाणी पुढे ढकलत नेते आणि ते एखाद्या वळणावर किंवा वाल्व्हवर घणासारखे आदळते. या आघाताने फ्लँज, म्हणजे दोन नळ्यांचा बोल्टने आवळलेला जोड, उसवलेली मी पाहिली आहे. येथे उतारही होता आणि ठरावीक अंतरावर पाणी काढून टाकणारे स्टीम ट्रॅपही होते. त्यातल्या एका ट्रॅपजवळ विभागाचे फिटर उभे होते. वय साठीच्या जवळ, अमळनेरकडचे, एका तेलगिरणीतून निवृत्त होऊन येथे कंत्राटावर आलेले; सगळे त्यांना आप्पा म्हणतात. त्यांनी खिशातला लांब स्क्रू ड्रायव्हर काढला, त्याचे टोक ट्रॅपच्या अंगावर टेकवले, मूठ स्वतःच्या कानाला लावली आणि मग तो माझ्या हातात देत म्हणाले, "भाऊ, कान लाई आयकी ल्या." आतली चकती उचलल्याचा आणि पुन्हा बसल्याचा 'टक्‌' असा स्वच्छ आवाज थोड्या थोड्या वेळाने येत होता. ट्रॅप बिघडून उघडा राहिला तर हाच आवाज जाऊन सतत फुसफुस ऐकू येते, आणि मग दर मिनिटाला पैशाची वाफ होत राहते. एक किलो पाण्याची १०० अंशांवर वाफ करायला २२५७ किलोज्यूल उष्णता लागते, हे वर्गात शिकवले जाते. ती उष्णता गळून वाया जाताना कशी ऐकू येते, हे आप्पांसारखा माणूस शिकवतो. त्यांचे पद कंत्राटी न ठेवता कायम करावे, ही माझ्या सूचनांच्या कागदावरची पहिली ओळ होती.

वाफेच्या मागोमाग आम्ही पायलट प्लांटच्या, म्हणजे कारखान्याच्या छोट्या नमुन्याच्या, दालनात आलो, आणि या इमारतीतले खरे मोलाचे काय, ते येथे दिसले. दालन तीन मजले उंच आहे, मधे स्लॅब नाही, कडेने लोखंडी सांगाडा आणि त्यावर खडबडीत पत्र्याचे मचाण आहेत. एका बाजूला ट्रक आत येईल एवढे शटर आहे आणि वर जड सामान उचलायला चेन पुली आहे. जमिनीला आम्लरोधक फरश्या आहेत आणि सांडलेले पाणी मधल्या गटारीतून बाहेरच्या सांडपाणी प्रक्रियेच्या टाकीत जाईल असा उतार काढला आहे. आम्हाला माहिती देण्यासाठी अंतिम वर्षाची एक विद्यार्थिनी सोबत होती. ती रावेर तालुक्यातली, केळी उत्पादक घरातली. ऊर्ध्वपातनाच्या, म्हणजे मिश्रण उकळून त्यातले द्रव एकावर एक बसवलेल्या ट्रेंवर वेगळे करणाऱ्या, स्तंभापाशी थांबून तिने सांगितले, "सर, जुन्या इमारतीत हा कॉलम छताला टेकायचा, म्हणून वरचे दोन ट्रे काढूनच तो बसवला होता. आम्ही रीडिंग घ्यायचो, पण आकडे पुस्तकाशी कधी जुळायचे नाहीत." आता तो पूर्ण उंचीने उभा आहे. काचेच्या खिडकीतून ट्रेवरचा फेस दिसतो, आणि तळाशी वाफ वाढवत नेली की एका क्षणी द्रव खाली उतरेनासा होऊन स्तंभ कसा तुंबतो, तेही दिसते. ही तुंबण्याची स्थिती मी स्वतः नोकरीला लागल्यावर पहिल्यांदा पाहिली होती. या मुलांना ती परीक्षेआधी दिसेल.

याच स्तंभावर अल्कोहोल आणि पाण्याचे मिश्रण चालवले जाते. कितीही ट्रे लावले तरी वजनाने सुमारे ९५.६ टक्क्यांच्या पुढे अल्कोहोल शुद्ध होत नाही, कारण त्या प्रमाणाला वाफेचे आणि द्रवाचे मिश्रण एकसारखेच होते. पेट्रोलमध्ये मिसळण्यासाठीच्या इथेनॉलला यापेक्षा अधिक शुद्धता लागते, म्हणून उरलेले पाणी शोषून घेणाऱ्या खड्यांचे दोन छोटे स्तंभ शेजारी बसवले आहेत. साखर कारखान्यांच्या डिस्टिलरीत नोकरी शोधणाऱ्या मुलांना याचा थेट उपयोग होईल.

उंचीचे आणि आकाराचे एवढे कौतुक का, ते थोडे खुलासेवार सांगायला हवे. प्रयोगशाळेतल्या एक लिटरच्या चंबूत जी प्रक्रिया गुण्यागोविंदाने होते, तीच हजार लिटरच्या भांड्यात अंगावर येऊ शकते. भांड्याची प्रत्येक बाजू दहापट केली तर आतला माल हजारपट होतो, पण ज्या पृष्ठभागातून उष्णता बाहेर जायची तो फक्त शंभरपट होतो. म्हणजे प्रत्येक लिटरच्या वाट्याला पूर्वीच्या एक दशांश पृष्ठभाग उरतो. आपल्याकडचे उदाहरण वनस्पती तुपाचे घ्या. निकेलच्या उत्प्रेरकावर तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना तेलाचे आयोडीन मूल्य (तेलात अजून किती हायड्रोजन मिसळू शकेल याचे माप) एकाने उतरले की तापमान साधारण १.६ अंशांनी चढते. सरकीचे तेल ११० वरून ७० पर्यंत आणायचे तर उष्णता काढून न घेतल्यास तापमान साठ अंशांहून अधिक वाढेल. चंबूतली उष्णता काचेतून निघून जाते आणि विद्यार्थ्याला ती जाणवतही नाही. दालनातल्या पन्नास लिटरच्या ऑटोक्लेव्हवर, म्हणजे दाब सोसणाऱ्या बंद भांड्यावर, मात्र आत थंड पाण्याची गुंडाळी आहे, बाहेर जॅकेट आहे आणि काटा चढू लागला की पाण्याचा वाल्व्ह किती उघडायचा, हे स्वतःच्या हाताने ठरवावे लागते. कारखाना आणि प्रयोगशाळा यांच्यामधली ही पायरी ज्या अभ्यासक्रमात नाही, तो अभ्यासक्रम रसायनशास्त्राचा असेल. त्याला अभियांत्रिकी म्हणायला मी तयार नाही.

दालनातून वर जाणाऱ्या मार्गिकेत विषयाच्या इतिहासाचे फलक लावले आहेत. जॉर्ज डेव्हिस यांनी १८८७च्या सुमारास मँचेस्टरमध्ये दिलेली व्याख्याने, १८८८ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीमध्ये सुरू झालेला अभ्यासक्रम, आर्थर लिटल यांनी १९१५ मध्ये मांडलेली 'युनिट ऑपरेशन्स'ची (कोणतीही प्रक्रिया ऊर्ध्वपातन, गाळणे, वाळवणे अशा ठरावीक क्रियांत विभागण्याची) कल्पना, मग मुंबई विद्यापीठाचा १९३३चा रसायन तंत्रज्ञान विभाग आणि नागपूरची १९४२ची लक्ष्मीनारायण संस्था, असा तो क्रम आहे. फलक नेटके आहेत. पण नागपूरनंतर एकदम कृत्रिम बुद्धिमत्तेवर उडी मारली आहे, ते मला पटले नाही. १९४५ मध्ये अमळनेरला 'वेस्टर्न इंडिया व्हेजिटेबल प्रॉडक्ट्स' ही कंपनी वनस्पती तूप बनवण्यासाठी उभी राहिली आणि पुढे तिचीच 'विप्रो' झाली, ही गोष्ट जगभर सांगितली जाते. मात्र ती सांगताना संगणकाचा भाग मोठा होतो आणि तेल, निकेल, हायड्रोजन यांचा भाग गळतो. दाबाखाली हायड्रोजन हाताळणारा कारखाना त्या काळात खानदेशातल्या एका तालुक्याच्या गावी चालत होता, हे आमच्या मुलांना मँचेस्टरइतकेच ठाऊक असले पाहिजे. त्याच फलकावर या उद्योगाची दुसरी बाजूही लिहावी: अर्धवट हायड्रोजन मिसळलेल्या तेलात ट्रान्स फॅट तयार होते, ते हृदयाला घातक असते, आणि म्हणून २०२२ पासून भारतात खाद्यतेल व चरबीतले त्याचे प्रमाण २ टक्क्यांवर आणून ठेवले आहे. विभागप्रमुखांनी मजकूर लिहून द्यायला मलाच सांगितले आहे.

संगणकावर कारखाना चालवून पाहण्याची खोली, विश्लेषणाची उपकरणे आणि ग्रंथालय यांबद्दल विशेष लिहिण्यासारखे नाही. ती चांगली आहेत आणि अशा खोल्या आता सगळीकडे चांगल्याच असतात. घातक वाफा ओढून घेणाऱ्या कपाटासमोर, म्हणजे फ्यूम हूडसमोर, मात्र मी टिश्यू कागदाची पट्टी धरून पाहिली. ती सरळ आत ओढली गेली. हवेचा वेग सेकंदाला अर्ध्या मीटरच्या आसपास असावा अशी अपेक्षा असते, आणि मीटरवरही तो तेवढाच दिसला.

आता खटकलेल्या गोष्टींकडे वळतो. पहिली गोष्ट सॉल्व्हंटच्या, म्हणजे तेल विरघळवून काढणाऱ्या द्रवाच्या, खोलीची. सरकीत साधारण १८ ते २० टक्के तेल असते, घाण्यातून काढल्यावरही ढेपेत सहा-सात टक्के शिल्लक राहते, आणि ते हेक्झेन या सॉल्व्हंटने धुऊन काढले की शिल्लक एका टक्क्याच्याही खाली येते. म्हणून हे शिकवणे आमच्या भागात अत्यावश्यक आहे. पण हेक्झेनची वाफ हवेपेक्षा जवळजवळ तिप्पट जड असते. ती जमिनीलगत पसरते, गटारीत उतरते, आणि हवेत तिचे प्रमाण अवघे १.१ टक्के झाले तरी ठिणगीने स्फोट होऊ शकतो. या खोलीतला एक्झॉस्ट पंखा मात्र छताला लागून बसवला आहे. हायड्रोजनच्या ऑटोक्लेव्हवर छताला झरोके ठेवले आहेत ते अगदी बरोबर, कारण हायड्रोजन हलका असतो आणि वर जातो. तीच रचना कंत्राटदाराने शेजारच्या खोलीत जशीच्या तशी केली. येथे हवा ओढणारी नळी जमिनीपासून वीतभर अंतरावर उघडली पाहिजे, पंखा ठिणगीरोधक हवा, आणि खोलीची गटार बाहेरच्या गटारीला थेट जोडलेली नको. मी हे सांगितल्यावर त्या विद्यार्थिनीने लगेच वहीत हेक्झेनचा आणि हवेचा रेणुभार मांडला, ८६ भागिले २९, आणि विभागप्रमुखांकडे पाहिले. ते काही बोलले नाहीत, पण त्यांनी पंख्याचा फोटो काढून घेतला.

दुसरी गोष्ट आमच्या उन्हाळ्याची आहे आणि ती कोणत्याही परदेशी नकाशात सापडणार नाही. प्रत्येक प्रयोगशाळेच्या दाराजवळ आपत्कालीन शॉवर आणि डोळे धुण्याचे नळ आहेत. कुठूनही दहा सेकंदांत पोहोचता येईल अशा जागी ते आहेत, त्यांची दांडी लांबून दिसेल अशी हिरवी आहे. दुपारचे तीन वाजले होते. मी डोळे धुण्याच्या नळाची पट्टी दाबून पाण्याखाली हात धरला आणि पटकन मागे घेतला. पाणी गच्चीवरच्या काळ्या टाकीतून येत होते. अंगावर किंवा डोळ्यांत आम्ल उडाले तर पंधरा मिनिटे सतत पाण्याने धुवायचे असते, आणि त्यासाठी पाणी १६ ते ३८ अंशांच्या दरम्यान असावे लागते. असल्या कढत पाण्याखाली मुलगा पंधरा मिनिटे तर काय, पंधरा सेकंदही डोळा उघडा ठेवणार नाही. बाहेर ४५ अंश तापमान असताना हे पाणी थंड ठेवायचे तर त्याला सावलीतली, उष्णतारोधक वेष्टनाची वेगळी टाकी हवी आणि नळी जमिनीखालून न्यायला हवी. याला फार खर्च येत नाही, पण इमारत रंगवून झाल्यावर भिंत फोडायला कोणी तयार होत नाही, म्हणून उद्घाटनाआधीच हे व्हावे असा मी आग्रह धरला. पश्चिमेकडची पूर्ण काचेची भिंत हे याच प्रकारचे दुखणे आहे. तिच्यामागच्या खोल्यांत वातानुकूलन यंत्रे दिवसभर धापा टाकत होती. त्या बाजूला जाळीची भिंत किंवा आडव्या पट्ट्या बसवल्याशिवाय विजेचे बिल आटोक्यात यायचे नाही.

गच्चीवर गेलो तेव्हा त्याच उन्हाने मला एक आनंदही दिला. तेथे पायलट प्लांटचा कूलिंग टॉवर आहे. मी विद्यार्थिनीला विचारले, "या टॉवरमधून जास्त थंड पाणी केव्हा मिळेल, आता की श्रावणात?" ती क्षणभर थांबली आणि म्हणाली, "सर, ऐकायला विचित्र वाटेल, पण आता." अगदी बरोबर. टॉवर पाण्याचे बाष्पीभवन करून पाणी थंड करतो, त्यामुळे हवा किती तापली आहे यापेक्षा ती किती कोरडी आहे याला महत्त्व असते. हवा ४४ अंश तापलेली आणि आर्द्रता १५ टक्के असेल तर ओल्या फडक्याच्या तापमापकावर जेमतेम २३-२४ अंश दिसतात. पावसाळ्यात हवा ३२ अंश आणि आर्द्रता ८० टक्के असेल तर तोच तापमापक २९ च्या आसपास थांबतो, आणि टॉवरचे पाणी त्याच्या खाली जाऊच शकत नाही. जळगाव-भुसावळच्या घराघरांत वाळ्याच्या ताट्यांचा कूलर मे महिन्यात अंगावर काटा आणतो आणि जुलैत नुसता चिकचिकाट करतो, तो याच कारणाने. समशीतोष्ण देशांत लिहिलेल्या पाठ्यपुस्तकांत हा फरक इतका ठळक नसतो. हा प्रयोग एकाच मुलांच्या गटाने मे आणि ऑगस्ट अशा दोन्ही महिन्यांत करावा आणि दोन्ही आलेख एकाच कागदावर काढावेत, असे मी सुचवले. मेमध्ये परीक्षा असतात, अशी अडचण पुढे आली. मार्चअखेरही हवा पुरेशी कोरडी असते, हे मी निदर्शनास आणल्यावर तोडगा निघाला.

शेवटी चहाच्या वेळी चर्चा पैशावर आली. इमारत अनुदानातून बांधली जाते. पण डिझेल, हायड्रोजनचे सिलिंडर, गॅसकेट, पॅकिंग आणि फिटरचा पगार यांची तरतूद दरवर्षी नव्याने मागावी लागते, आणि ती मिळाली नाही की असे दालन हळूहळू कुलूपबंद होते. मी अशी कुलपे पाहिलेली आहेत. आमच्यापैकी एका गिरणीमालकांनी प्रस्ताव मांडला की सरकीच्या कच्च्या तेलाचा गडद रंग गॉसिपॉल या सरकीतल्या रंगद्रव्यामुळे असतो, तो कॉस्टिक सोड्याने काढताना तेलाची तूट किती येते हे त्यांना लहान प्रमाणावर तपासून हवे आहे. त्याचे भाडे ते देतील आणि काम विद्यार्थ्यांनीच करावे. विभागप्रमुखांनी दोन अटी घातल्या. सत्र चालू असताना वर्गाचे प्रयोग आधी, आणि निष्कर्ष प्रतिकूल आले तरी अहवाल बदलून मिळणार नाही. गिरणीमालकांनी दोन्ही मान्य केल्या. नवी सरकी बाजारात आली की दिवाळीनंतर पहिली चाचणी घ्यायची असे ठरले आहे. ती फक्त कॉस्टिकने शुद्ध करण्याची असेल, कारण सॉल्व्हंटच्या खोलीतला पंखा खाली येईपर्यंत हेक्झेनचा पिंप आवारात आणायचा नाही, हे विभागप्रमुखांनी आमच्यासमोरच भांडारपालाला सांगून टाकले.